गाणं कुणाचं? डोनाल्ड डकपासून 'कोको'पर्यंत, मेक्सिकोच्या लोकसंगीताची गोष्ट

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

मागं मी आपल्या भागातल्या लोककलावंतांच्या मानधनाबद्दल लिहिलं होतं. त्याखाली एका वाचकानं लिहिलं, दादा, 'कोको' नावाचं कार्टून बघा, तुमचाच विषय आहे. मी बघितलं. घरात पोरांनी आधीच चार वेळा बघितलेलं होतं. मग सवयीप्रमाणं त्याच्या मागं काय काय घडलं ते वाचत गेलो, आणि पाऊणशे वर्षांचा इतिहास हाती लागला. तो इथं मांडतोय.

मेक्सिको म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? भलीमोठी टोपी, झुपकेदार मिशा, हातात गिटार, मागं निवडुंग. आपल्यातलं कुणी मेक्सिकोला गेलेलं नाही, तरी हे चित्र सगळ्यांकडं सारखंच आहे. ते पोचवण्यात अमेरिकेतल्या कार्टूनचा वाटा मोठा.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धापासून करू. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले देश जर्मनीच्या बाजूला झुकू नयेत म्हणून अमेरिकी सरकारनं 'चांगला शेजारी' हे धोरण जोरात राबवलं. त्यासाठी खास कार्यालय काढलं आणि त्यावर नेल्सन रॉकफेलर यांना बसवलं. या कार्यालयानं सिनेमाचाही वापर केला. वॉल्ट डिस्ने आणि त्यांचे कलाकार १९४१ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले, ते याच धोरणाखाली. त्यातून पुढं 'द थ्री कॅबालेरोज' आला. त्याचा पहिला खेळ २१ डिसेंबर १९४४ ला मेक्सिको सिटीत झाला. त्यात अमेरिकेचा डोनाल्ड डक, ब्राझीलचा पोपट होझे कारिओका आणि मेक्सिकोचा कोंबडा पांचितो असे तीन मित्र आहेत.

आता गंमत बघा. आपल्याला वाटेल की १९४४ च्या कार्टूनात संगीत नकली असणार. तसं नाही. चित्रपटाच्या नावाचं गाणं ज्या चालीवर आहे, ती मेक्सिकोचे संगीतकार मानुएल एस्पेरोन यांची. १९४१ मध्ये तिकडं होर्हे नेग्रेते या लाडक्या गायक-नटाचा 'आय, हालिस्को, नो ते राहेस' हा चित्रपट आला, त्याच्या शीर्षकगीताची ही चाल. मूळ शब्द एर्नेस्तो कोर्तासार यांचे, हालिस्को प्रांताचं कौतुक करणारे. डिस्नेनं चाल घेतली, शब्द बदलले आणि तीन पक्ष्यांच्या दोस्तीचं इंग्रजी गाणं केलं. त्याच चित्रपटात आगुस्तीन लारा यांचं 'सोलामेंते उना वेस' हे गाणंही इंग्रजी शब्दांत आहे, आणि ते गायलंय दोरा लूस या मेक्सिकन गायिकेनं. तेवान्तेपेकची 'सांदुंगा' आहे, ती नाचणारी कार्मेन मोलिना खरीखुरी मेक्सिकन नर्तकी आहे.

म्हणजे चाली खऱ्या, गाणारे खरे, नाचणारे खरे. तरीही तो चित्रपट मेक्सिकोचा वाटत नाही. कारण सगळं डोनाल्डच्या नजरेतून दिसतं. तो सहलीला आलेला पाहुणा. त्याला आकापुल्कोच्या किनाऱ्यावरच्या पोरी दिसतात, तो त्यांच्यामागं पळत सुटतो. गाणं म्हणजे त्याच्या मौजमजेची पार्श्वभूमी. हे गाणं तिथली माणसं कधी म्हणतात, कशासाठी म्हणतात, याच्याशी चित्रपटाला घेणंदेणं नाही.

पुढं १९५३ मध्ये वॉर्नर ब्रदर्सचा स्पीडी गोन्झालेस हा उंदीर आला. आवाज मेल ब्लँक यांचा, म्हणजे बग्ज बनीला आवाज देणाऱ्यांचाच. १९५५ च्या त्याच्या कार्टूनला ऑस्कर मिळालं. स्पीडी स्वतः हुशार आणि चपळ, पण त्याच्या आजूबाजूचे बाकीचे उंदीर आळशी आणि झिंगलेले. म्हणून १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कार्टून नेटवर्कनं ही मालिका दाखवणं थांबवलं होतं. त्यावर मेक्सिकन वंशाच्या अनेक प्रेक्षकांनीच तक्रार केली, आमचा स्पीडी परत द्या म्हणून, आणि २००२ मध्ये तो परत आला. लोकांचं मन असं सरळ नसतं. अपमानात सुद्धा आपलं काहीतरी दिसलं की माणूस ते धरून ठेवतो.

संगीताचं मात्र या काळात वाटोळं झालं. एका देशाची गाणी दोन-तीन ठरलेल्या सुरावटींत मावायला लागली. पडद्यावर टोपी दिसली की ती ठरावीक धून वाजायची.

आता त्या देशात खरं काय वाजतं, ते थोडक्यात बघू. नाहीतर पुढचं कळणार नाही.

मारियाची हे नाव आपण ऐकलेलं असतं. हे पश्चिम मेक्सिकोतलं, हालिस्को आणि आसपासच्या प्रांतांतलं. व्हायोलिनं, विहुएला नावाची पाच तारांची छोटी गिटार आणि खर्जासाठी गितारोन नावाची पोट सुटलेली मोठी गिटार. पूर्वी हार्पही असायची. वाजवणारे खेड्यातले. त्यांचे कपडे साधे पांढरे सुती, डोक्यावर गवती टोपी. आज दिसतो तो चांदीच्या बटणांचा घट्ट पोशाख मुळात घोड्यावर बसणाऱ्या जमीनदारांचा, 'चारो' लोकांचा. १९१० ला सुरू झालेल्या क्रांतीनंतर नव्या सरकारांना सगळ्या देशाला एकत्र बांधणारी ओळख हवी होती. १९३० मध्ये मेक्सिको सिटीत एक्सइडब्ल्यू हे मोठं रेडिओ केंद्र सुरू झालं. १९३६ मध्ये 'आया एन एल रांचो ग्रांदे' हा चित्रपट तुफान चालला. मारियाची ताफे राजधानीत आले, त्यांच्या अंगावर चारो पोशाख चढला, आणि रेडिओला-सिनेमाला खणखणीत आवाज हवा म्हणून ट्रम्पेट शिरलं. तेकालित्लान गावाचा वार्गास घराण्याचा ताफा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झालेला. तोही राजधानीत गेला आणि त्यानं पुढच्या सगळ्या ताफ्यांना वळण लावलं.

म्हणजे आज ज्याला आपण 'अस्सल' मारियाची म्हणतो, तो निम्मा रेडिओनं आणि सिनेमानं घडवलेला आहे. म्हणून तो खोटा ठरतो का? अजिबात नाही. लग्नात, बारशात, मयतीत तिकडचे लोक मारियाचीच बोलावतात. २०११ मध्ये युनेस्कोनं त्याला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं. लोककला जिवंत असते, बदलते. 'शुद्ध' शोधायला निघालात तर हाती काहीच लागणार नाही.

पण मारियाची म्हणजे सगळा मेक्सिको नव्हे. पूर्वेला वेराक्रूझच्या किनाऱ्यावर सोन हारोचो आहे. हाराना नावाची छोटी गिटार, हार्प, आणि लाकडी फळीवर पायांनी धरलेला ताल. स्पॅनिश, मूळनिवासी आणि आफ्रिकी अशी तीन मुळं त्याच्यात आहेत, कारण याच बंदरातून आफ्रिकी गुलाम मेक्सिकोत उतरवले गेले. जगभर गाजलेलं 'ला बाम्बा' हे मूळचं इथलं. त्याच्या उत्तरेला वास्तेका भागात वापांगो, तिथं व्हायोलिन आणि गाणाऱ्याचा एकदम वर चढून फुटणारा आवाज. दक्षिणेला वाहाका प्रांतात, तेवान्तेपेकच्या पट्ट्यात, संथ, दुखऱ्या चाली. सिनालोआत पितळी वाद्यांचा बांदा. आपल्याकडं जसं ढोलकी म्हटली की तमाशा, मृदंग म्हटला की वारी, संबळ म्हटलं की गोंधळ, तसं तिकडचा माणूस दोन सुरांत प्रांत ओळखतो.

आता 'कोको'कडं येऊ. पण त्याआधी २०१३ सालची एक भानगड.

पिक्सार ही डिस्नेची कंपनी. मेक्सिकोतल्या 'दिया दे लोस मुएर्तोस' या सणावर तिचं चित्रपटाचं काम चालू होतं. १ आणि २ नोव्हेंबरला गेलेल्या माणसांची आठवण काढायची, त्यांचे फोटो मांडायचे, त्यांच्या आवडीचं खायचं ठेवायचं, असा तो सण. मे २०१३ मध्ये बातमी फुटली की डिस्नेनं या सणाच्या नावावरच ट्रेडमार्कसाठी अर्ज केलाय. म्हणजे खेळण्यांवर, खाऊच्या पुड्यांवर हे नाव वापरायचा हक्क डिस्नेचा. कल्पना करा, कुणीतरी 'सर्वपित्री अमावास्या' नावाची मालकी मागितली तर आपण काय म्हणू? अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांनी सह्यांची मोहीम काढली. लालो अल्काराझ या व्यंगचित्रकारानं शहरावर चालून येणारा सांगाड्याचा राक्षसी उंदीर काढला. काही दिवसांत डिस्नेनं अर्ज मागं घेतला.

त्यानंतर जे झालं ते मला पत्रकार म्हणून फार महत्त्वाचं वाटतं. पिक्सारनं याच अल्काराझना सल्लागार म्हणून बोलावलं. त्यांच्यासोबत नाटककार ऑक्टाव्हिओ सोलिस आणि मार्सेला डेव्हिसन अव्हिलेस यांनाही. टीका करणाऱ्याला आत बसवलं. काहींनी अल्काराझना विकला गेलास म्हणून शिव्या घातल्या. पण चित्रपटात फरक पडला. दिग्दर्शक ली अंक्रिच यांच्या मनातली मूळ गोष्ट एका अर्ध्या अमेरिकन मुलाची होती. तो आईच्या मरणाचं दुःख सोडून द्यायला शिकतो, अशी. मग त्यांच्या लक्षात आलं की हा सण तर उलटं सांगतो, सोडू नका, आठवत राहा. ती गोष्ट टाकून दिली आणि नव्यानं लिहिली. मेक्सिकन वंशाचे एड्रियन मोलिना आधी लेखक होते, ते सहदिग्दर्शक झाले.

आणि संगीत? तिथं खरोखर मेहनत दिसते. पार्श्वसंगीत मायकेल जियाकिनो यांचं, पण गाण्यांत आणि वाद्यमेळात जर्मेन फ्रँको या मेक्सिकन वंशाच्या संगीतकार बाईंचा मोठा हात. कामिलो लारा हे मेक्सिकोचे संगीतकार सल्लागार. मेक्सिकोत जाऊन तिथल्या वादकांकडून ध्वनिमुद्रण केलं गेलं. गिटार वाजवताना वादकांच्या गिटारींना छोटे कॅमेरे बांधले, बोटं कुठं पडतात ते टिपलं आणि त्यावरून मिगेलची बोटं काढली. एरवी कार्टूनात कुणी गिटार वाजवतो तेव्हा हात नुसता वरखाली होतो. इथं तसं नाही. गिटार वाजवणाऱ्या कुणालाही विचारा, मिगेलची बोटं गिटार वाजवतात.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्रांत वेगळे ठेवले. मिगेल आणि हेक्टर स्पर्धेत गातात ते 'उन पोको लोको' सोन हारोचोच्या वळणाचं. मोठा स्टार एर्नेस्तो दे ला क्रूझ गातो तो जुन्या चित्रपटांतल्या झगमगाटी रांचेरा थाटात. खापरपणजी इमेल्दा गाते ती 'ला योरोना', तेवान्तेपेकची पारंपरिक. ती इंग्रजी चित्रपटातही स्पॅनिशमध्येच ठेवली. १९४४ मध्ये चाल घेऊन शब्द बदलले होते. २०१७ मध्ये शब्द राहू दिले. हे तिकडच्या प्रेक्षकांना कळलं. 'कोको' आधी मेक्सिकोत लागला, २७ ऑक्टोबर २०१७ ला, अमेरिकेत जवळजवळ महिनाभर नंतर. मेक्सिकोत तोपर्यंतच्या सगळ्या चित्रपटांपेक्षा जास्त कमाई त्यानं केली.

आता उणं काय, तेही सांगितलं पाहिजे.

ज्या गाण्यासाठी ऑस्कर मिळालं ते 'रिमेंबर मी' लिहिलंय रॉबर्ट लोपेझ आणि क्रिस्टन अँडरसन-लोपेझ या जोडप्यानं. 'फ्रोझन'ची गाणी यांचीच. लोपेझ आडनाव ऐकून फसू नका, ते फिलिपिनो वंशाचे. गाणं सुंदर आहे, वाद नाही. पण मेक्सिकोच्या संगीतावरच्या चित्रपटातलं मुख्य गाणं मेक्सिकोबाहेरून आलं, हेही खरं. दुसरं, सोन हारोचोची लय घेतली, पण त्यातल्या आफ्रिकी मुळाची ओळख चित्रपटात होत नाही. मेक्सिकोत २०२० च्या जनगणनेत २५ लाखांवर लोकांनी स्वतःला आफ्रिकी वंशाचे म्हणून नोंदवलं. ज्यांच्या पायांनी हा ताल घडवला, ते पडद्यावर नाहीत.

अर्थात, फक्त आपल्या माणसानं केलं की सगळं अस्सल होतं असंही नाही. २०१४ चा 'द बुक ऑफ लाइफ' बघा. दिग्दर्शक होर्हे गुतिएरेस मेक्सिकन, निर्माते गिलेर्मो देल तोरो मेक्सिकन, विषय तोच सण. आणि नायक मानोलो गिटारीवर काय गातो? इंग्लंडच्या रेडिओहेडचं 'क्रीप'. कुणाला हे खटकलं, कुणाला आवडलं. मला विचाराल तर त्यात खोटं काही नाही. मेक्सिकोतली पोरं इंग्रजी गाणी ऐकतात आणि आपल्या गिटारीवर आपल्या पद्धतीनं वाजवतात. आपल्याकडं बँडवाला काय काय वाजवतो ते आठवा. गुतिएरेसना कुणाला दाखला द्यायचा नव्हता. बाहेरून येणाऱ्याला तो द्यावा लागतो.

ज्यांनी 'कोको' पाहिला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्या, कारण गोष्ट फुटणार आहे.

दे ला क्रूझची सगळी गाजलेली गाणी त्याची नसतातच. ती त्याचा जोडीदार हेक्टरची असतात. हेक्टर घरी परत जायला निघाला तेव्हा यानं त्याला विष देऊन मारलं, वही आणि गिटार घेतली आणि सिनेमात मोठा झाला. आणि 'रिमेंबर मी' हे हेक्टरनं आपल्या लहानग्या मुलीसाठी, कोकोसाठी, झोपताना म्हणायला केलेलं गाणं. चोरानं ते दिव्यांच्या झगमगाटात, नाचणाऱ्या बायकांच्या ताफ्यासोबत म्हटलं. शब्द तेच, चाल तीच. शेवटी मिगेल ते म्हाताऱ्या कोकोपुढं हळू आवाजात म्हणतो तेव्हा कळतं की हे गाणं कुणासाठी होतं. माझ्या मते चित्रपटातला सगळ्यात खरा भाग हा आहे, बोटांच्या अचूकतेपेक्षाही. लोकगीत कुणीतरी कुणासाठी तरी म्हटलेलं असतं. ते उचलून मोठ्या मंचावर नेता येतं, सूर बरोबर लावता येतात, पोशाख बरोबर घालता येतो, आणि तरीही ती चोरी असू शकते. ही गोष्ट सांगणारी कंपनी तीच, जिनं चार वर्षांपूर्वी सणाच्या नावावर मालकी मागितली होती. हे विसरू नये.

सिनेमा वास्तव कसं बदलतो त्याचं आणखी एक उदाहरण. २०१५ च्या 'स्पेक्टर' या जेम्स बाँडपटात मेक्सिको सिटीत या सणाची प्रचंड मिरवणूक दाखवली. तशी मिरवणूक तिथं निघतच नव्हती. लोक आता बघायला येणार म्हणून २०१६ पासून सरकारनं ती खरोखर काढायला सुरुवात केली. आता हजारो लोक जातात. अजून पन्नास वर्षांनी तिला परंपरा म्हणतील.

मग पैसे कुणाला मिळाले? मिचोआकान प्रांतात पाराचो नावाचं गिटार बनवणाऱ्यांचं गाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या तोच धंदा. 'कोको'नंतर तिथं पांढऱ्या, कवटीच्या गिटारींना मागणी आली आणि कारागिरांच्या हाताला काम मिळालं. ही चांगली बाजू. त्याच प्रांतातल्या एका तळ्याकाठच्या गावात एक म्हातारी आजी होती. तिचा चेहरा कोको आजीसारखा, म्हणून पर्यटक तिच्या दारात यायचे. चेहरा तिच्यावरूनच घेतला असं घरचे म्हणायचे, पिक्सारनं नाही म्हटलं. २०२२ मध्ये ती गेली. खरं कोणाचं, हे इथं बसून मी ठरवणार नाही. पण प्रश्न तोच, नाव कुणाचं आणि वाटा कुणाचा.

एवढ्या लांबची गोष्ट मी का सांगतोय, हे आता लक्षात आलं असेल. मारियाचीचं जे रेडिओ-सिनेमानं केलं, तेच आपल्याकडं लावणीचं झालं. आज 'अस्सल लावणी' म्हणून जे मनात येतं ते बऱ्याच अंशी मराठी सिनेमानं, १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'नं आणि १९७२ च्या 'पिंजरा'नं ठरवलेलं आहे. जत्रेतल्या फडाला लोक सिनेमातलीच लावणी मागतात. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. आपल्या तालुक्यातल्या एका ढोलकीवाल्या काकांनी मला सांगितलं होतं की शहरातल्या एका चित्रपटासाठी त्यांनी दिवसभर वाजवलं. एका दिवसाची हजेरी मिळाली, बसचं भाडं वेगळं. चित्रपट गाजला, गाणं लग्नाच्या वरातीत अजून वाजतं. पडद्यावरच्या नावांत काकांचं नाव नाही. त्यांची तक्रारही नव्हती. ढोलकी आपली आहे हे ऐकणाऱ्याला कळतं, एवढ्यावर ते खूश होते. मी नव्हतो.

म्हणून लोकसंगीत पडद्यावर आलं की मी आता तीन गोष्टी बघतो. ज्यांचं आहे त्यांना विचारलं का? त्यांचं नाव लागलं का? पैसे पोचले का? १९४४ चा चित्रपट चाली अस्सल असूनही पहिल्याच प्रश्नाला अडखळतो. 'कोको' पहिल्याला चांगला पास होतो, दुसऱ्याला बराचसा, तिसऱ्याला काठावर. आणि हा काठावरचा पास सुद्धा आपोआप मिळाला नाही. २०१३ मध्ये लोक ओरडले म्हणून मिळाला. ओरडले नसते तर सणाचं नाव पण गेलं असतं.

आपल्या भागात पुढच्या महिन्यापासून जत्रा सुरू होतील. फड येतील, गोंधळी येतील, कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड करून टाकेल. टाका, जरूर टाका. फक्त खाली वाजवणाऱ्याचं नाव आणि गाव लिहा. माहीत नसेल तर विचारून घ्या, ते पाच फुटांवरच उभे असतात.

तुमच्या गावातल्या अशा कलावंतांची नावं कमेंटमध्ये लिहा. मी यादी करतोय.